आधी व्याज, मग कागद, मग घर : कमी कमाईत कोल्हापुरात पाय रोवायचे तर

महिन्याला वीस हजार येणाऱ्या घराला विचारलं अडचण काय, तर उत्तर येतं की पगार पुरत नाही, आणि ते खरंच आहे, पण जरा जवळनं बघितलं की अजून एक मोठी अडचण दिसते, ती म्हणजे पैसा दर महिन्याला सारखा येतच नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत ऑर्डर जोरात असली की ओव्हरटाइम, नसली की आठवड्यात चारच दिवस काम. गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्याला जून ते ऑगस्ट निम्मे दिवस घरात बसून काढावे लागतात. महाद्वार रोडला गाडा लावणाऱ्याचं पावसात गिऱ्हाईकच तुटतं. आणि खर्च मात्र नेमका त्याच वेळी वर येतो, जूनला वह्या-दप्तर-फी, जुलैला तापाचं आजारपण, नदीकडंला राहत असाल तर पुराची धास्ती, लगेच पाठोपाठ गणपती. म्हणजे कमाई सगळ्यात कमी आणि खर्च सगळ्यात जास्त, हे दोन्ही एकाच तीन महिन्यांत. कितीतरी घरांचं कर्ज याच तीन महिन्यांत सुरू होतं, दिवाळीपासनं उन्हाळ्यापर्यंत ते फेडण्यात जातं आणि फिटतंय न फिटतंय तोवर परत जून उगवतो.

हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं जरा सोपं होतं. कारण घर व्हावं म्हणून धडपडणारी माणसं बहुतेक वेळा उलट्या टोकानं सुरुवात करतात, आधी प्लॉट नाहीतर फ्लॅट बघायचा, संचकार, म्हणजे विसाराची रक्कम, देऊन टाकायचा, आणि मग पैशाचं बघू. माझं म्हणणं एवढंच आहे की क्रम फिरवा. आधी महाग व्याज थांबवा, मग हाताशी थोडी रक्कम धरा, मग कागद तपासा, आणि घर त्याच्यानंतर. क्रम चुकला तर सरकारी घरकुल योजनेचे अडीच लाख मिळूनसुद्धा माणूस अडचणीतच राहतो.

व्याजाचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथनंच गळतो आणि तो गळतोय हे कळतपण नाही. सावकार सांगतो 'शेकडा दहा'. ऐकायला दहा टक्के वाटतात, बँकेएवढेच. पण ते महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाला १२० टक्के. वीस हजार घेतले तर महिन्याला दोन हजार नुसतं व्याज. दहा महिन्यांत वीस हजार देऊन झाले तरी मुद्दल जसंच्या तसं उभं. दुसरा प्रकार रोजच्या वसुलीचा, बाजारात जास्त चालतो. दहा हजार म्हणायचं, हातात नऊच द्यायचे, आणि रोज शंभर रुपये असे शंभर दिवस. हजारच रुपये जास्त गेले की, असं वाटतं. पण ते नऊ हजार तुमच्याकडं शंभर दिवस पूर्ण कुठं राहिले, रोज थोडे थोडे परत जात होते, म्हणजे सरासरी साडेचार हजारच तुम्ही वापरले आणि त्याच्यावर तीन महिन्यांत हजार मोजले. वर्षाचा हिशोब केला तर ८० टक्क्यांच्या आसपास जातो. तिसरा प्रकार फ्लॅट रेटचा, फायनान्सच्या शोरूममध्ये नाहीतर गाडी घेताना हमखास भेटतो. पन्नास हजार, बारा टक्के फ्लॅट, दोन वर्षं, हप्ता साधारण २,५८३. इथं व्याज पूर्ण पन्नास हजारांवर दोन्ही वर्षं लावलंय, तुम्ही फेडत आलात तरी. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीनं मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या पुढं जातो. म्हणून कुठंही कर्ज घेताना एकच प्रश्न विचारा, 'हातात किती येणार आणि एकूण परत किती द्यायचे', आणि ते दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा.

आता कायदा काय म्हणतो ते. महाराष्ट्रात सावकारी नियमन कायदा आहे २०१४ चा. सावकाराकडं परवाना पाहिजे, त्यानं पावती द्यायला पाहिजे, आणि शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के आणि तारण ठेवून १५ टक्के यापेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. १८ टक्के म्हणजे महिन्याला शेकडा दीड. दहा कुठं आणि दीड कुठं. बिगरपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि घर किंवा जमीन सावकारानं व्याजापोटी लिहून घेतली असेल तर सहकार खात्याचे जिल्हा निबंधक चौकशी करून ती परत द्यायचा आदेश काढू शकतात. तक्रार पोलिसात करता येते तशी सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयातही करता येते, आणि तिथं जाताना फोनवरचे मेसेज, गुगल पे चे व्यवहार, कोरे चेक दिले असतील तर त्यांचे नंबर असं सगळं घेऊन जावं. लोक घाबरतात, कारण सावकार गल्लीतलाच असतो, रोज तोंड बघायचं असतं, ते मला कळतं. पण निदान हे माहीत असू दे की कायद्यानं तुम्ही गुन्हेगार नाही, आणि ते शेकडा दहा त्याला कोर्टात वसूल करता येत नाहीत.

बायकांच्या ग्रुप लोनचं वेगळं आहे. ते बेकायदेशीर नाही, त्याच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, १ एप्रिल २०२२ पासनं लागू झालेले. वर्षाला तीन लाखांपर्यंत कमाई असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज हे मायक्रोफायनान्स धरतात, आणि त्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, नातेवाईकांना त्रास नाही. अडचण होते ती अशी की एका फायनान्सचा हप्ता भरायला दुसऱ्याचं, दुसऱ्याचा भरायला तिसऱ्याचं, असे तीन-चार ग्रुप एकाच बाईच्या नावावर चढतात आणि त्याच्यात कमाई जास्त दाखवून फॉर्म भरलेला असतो. ज्या घरात असं झालंय त्यांनी नवीन कर्ज पहिल्यांदा बंद करावं, सगळी कर्जं एका वहीत लिहावीत, कुणाचं किती राहिलं आणि खरा दर किती, आणि सगळ्यात महाग व्याजाचं आधी संपवावं, बाकीच्यांचा फक्त नेमलेला हप्ता. अंगावर सोनं असेल, दोन तोळ्यांचं गंठण का असेना, तर बँकेतलं सोनंतारण कर्ज वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास मिळतं, त्यातनं शेकडा दहाचं कर्ज एका दिवसात मिटवता येतं. बाईला गंठण ठेवायचं म्हटलं की काळजाला लागतं, बरोबर आहे, आणि हप्ता चुकत गेला तर लिलाव होतो हेही खरं आहे. पण १२० टक्क्यांवरनं दहा टक्क्यांवर येणं याच्याएवढी मोठी बचत त्या घराला दुसरी कुठलीच करता येणार नाही.

गाडेवाल्यांसाठी पीएम स्वनिधी ही सरकारी कर्जयोजना आहे. २०२० ला सुरू झाली, तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, २०२५ च्या बदलानंतर पंधरा हजार, ते फेडलं की पंचवीस, मग पन्नास. वेळेवर हप्ता भरला तर ७ टक्के व्याज सरकार परत देतं. महापालिकेचं फेरीवाला सर्टिफिकेट नाहीतर शिफारस पत्र लागतं. रोजच्या वसुलीच्या सावकाराला हा सरळ पर्याय आहे, तरी रंकाळ्यावरच्या, महाद्वार रोडवरच्या ज्यांनी अजून घेतलं नाही त्यांनी एकदा चौकशी करावीच.

आणि जामीन राहण्याबद्दल एक शब्द, कारण आपल्याकडं पतसंस्थेत मित्राला, पाहुण्याला जामीन राहणं म्हणजे नुसती सही असंच सगळे समजतात. करार कायद्याप्रमाणं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, म्हणजे त्यानं भरलं नाही तर संस्था सरळ तुमच्या पगारावर येऊ शकते, आधी त्याच्या मागं लागायला पाहिजे असं काही नाही. शिवाय कर्ज बँकेचं किंवा फायनान्सचं असलं तर ते तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर पण दिसतं, आणि उद्या तुम्ही घराच्या कर्जाला गेलात की तिथं अडकता. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि पूर्ण रिपोर्ट वर्षातनं एकदा फुकट मिळतो, तो घर बघायला लागायच्या आधी वर्षभर काढून बघा, म्हणजे जुनी एखादी मोबाइलच्या हप्त्याची थकबाकी असली तर मिटवायला वेळ मिळतो.

आता हाताशी रक्कम धरायची म्हणजे काय. पुस्तकातले सल्ले सांगतात सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. वीस हजारात जगणाऱ्याला हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं आहे. मी म्हणेन, पहिलं टार्गेट फक्त दहा हजार. कारण सावकाराकडं जी पहिली फेरी होते ती पाच-दहा हजारांसाठीच असते, दवाखान्याला नाहीतर फीला. तेवढे जर जूनच्या आधी घरात जमले असतील तर ती फेरीच होत नाही. पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे भरायची ठेव, आपल्याकडं घरोघरी आहे, एजंट दारात येतो म्हणून बचत होते हे तिचं खरं बळ, व्याज कमी आणि मुदतीआधी मोडली तर कापतात हा तोटा. एक गोष्ट मात्र माहीत पाहिजे. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, माणशी पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्था वाईट असं माझं म्हणणं अजिबात नाही, कोल्हापूरच्या कष्टकऱ्याला पहिलं कर्ज पतसंस्थेनंच दिलंय. पण घरासाठी साठवलेली सगळी रक्कम एकाच पतसंस्थेत ठेवू नका. भिशीचं पण तसंच, ओळखीतल्या दहा बायकांची भिशी ठीक, पण कुणी बाहेरचा माणूस मोठं आमिष दाखवून भिशी चालवत असेल तर लांब राहा. लांबच्या बचतीला पोस्टातली आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, चांगली, महिन्याला शंभर रुपयांपासनं सुरू होते, महिना हजार टाकले तर ६.७ टक्के दरानं पाच वर्षांनी साधारण ७१ हजार हातात येतात. लाडकी बहीणचे पंधराशे येत असतील तर त्यातले निम्मे तरी खात्यातनं आपोआप आरडीला वळवून टाका, हातात आले की संपतात.

दवाखाना हे कर्जाचं दुसरं मोठं दार. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, पण योजनेत असलेल्या दवाखान्यात आणि ठरलेल्या आजारांवरच. त्यामुळं ॲडमिट करताना पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यातला योजनेचा माणूस, कुठं बसतो ते विचारायचं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. सीपीआर, आपला सरकारी दवाखाना, तर आहेच. आणि दोन विमे, एक वर्षाला २० रुपयांचा अपघाताचा, १८ ते ७० वयापर्यंत, आणि एक ४३६ रुपयांचा जीवन विमा, १८ ते ५० पर्यंत, दोन्हीत दोन-दोन लाख. बँकेत एक फॉर्म भरला की झालं, फक्त मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढे पैसे पाहिजेत, नाहीतर हप्ता कटत नाही आणि विमा बंद पडतो. बऱ्याच घरांचा असाच बंद पडलेला असतो आणि माणूस गेल्यावर कळतं. बांधकामावर जाणाऱ्यांनी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी जिवंत ठेवावी, पोरांच्या शिष्यवृत्तीपासनं घराच्या मदतीपर्यंत सगळं त्या नोंदणीवर अवलंबून आहे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा प्रश्न योजनांच्या गोंधळात मागं पडतो. स्वतःचं घर होईपर्यंत पाच-सात वर्षं भाड्यातच जाणार आहेत, ती वर्षं तरी सुखाची पाहिजेत. दर अकरा महिन्यांनी घर बदललं की पोराची शाळा बदलते, टेम्पोचं भाडं जातं, डिपॉझिट अडकतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणं भाडेकरार लेखी आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलटं सिद्ध होईपर्यंत. खर्च पण फार नाही, एकूण भाड्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी आणि शहरात हजार रुपये नोंदणी. करार तीन वर्षांचा पण करता येतो, अकराच महिन्यांचा पाहिजे असं काही नाही. डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यावर द्या. आणि हाच करार पुढं पत्त्याचा पुरावा म्हणून शाळेला, गॅसला, रेशनकार्डला चालतो.

आता घर. प्रधानमंत्री आवास योजना शहरी, तिचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासनं सुरू आहे. वर्षाला तीन लाखांपर्यंत कमाई म्हणजे आर्थिक दुर्बल, तीन ते सहा अल्प उत्पन्न, सहा ते नऊ मध्यम. अट अशी की घरातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठंच पक्कं घर नको, आणि मागच्या वीस वर्षांत कुठल्या घरकुल योजनेचा फायदा घेतलेला नको. घरचे म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. घर बाईच्या नावावर नाहीतर दोघांच्या. योजनेत चार वाटा आहेत, त्यातल्या दोन कोल्हापूरच्या माणसाच्या जास्त कामाच्या.

पहिली, स्वतःची जागा असेल आणि त्याच्यावर बांधायचं असेल तर. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळतात, आणि ते एकदम मिळत नाहीत, पाया झाला, स्लॅब झाला, असे फोटो काढून टप्प्याटप्प्यानं खात्यात येतात. इथं हिशोब नीट करायला पाहिजे. घर कमीत कमी ३० चौरस मीटरचं, म्हणजे ३२३ चौरस फूट. चौरस फुटाला १,८०० रुपये खर्च धरला तर पाच लाख ऐंशी हजार होतात. अडीच लाख वजा केले तर तीन लाख तीस हजार आपले. शिवाय जुनं घर पाडल्यावर सहा-आठ महिने भाड्यानं राहावं लागतं, आणि पुढचा टप्पा लांबला तर मिस्त्रीला आपल्या खिशातनं द्यावं लागतं. हे तीन लाख तीस हजार कुठनं येणार हे ठरल्याशिवाय जुनं घर पाडू नये. पाडलं, पाया घातला, आणि पत्रा टाकून दोन पावसाळे काढले असं बघितलं की वाईट वाटतं, कारण त्या घरच्यांनी आळस केलेला नसतो, त्यांना फक्त कुणी हा हिशोब आधी मांडून दाखवलेला नसतो.

दुसरी वाट, बांधलेलं घर कर्ज काढून घ्यायचं. कर्ज पंचवीस लाखांपर्यंत आणि घराची किंमत पस्तीस लाखांपर्यंत असेल तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याजाची सवलत, जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, पाच वर्षांत पाच हप्त्यांनी कर्जखात्यात जमा होते. म्हाडाची घरं पण असतात, कोल्हापूर म्हाडाच्या पुणे मंडळाखाली येतं, त्यामुळं लॉटरीची जाहिरात पुणे मंडळाची बघायची.

शहराला चिकटून असलेल्या गावांचं एक लक्षात ठेवा. पाचगाव, उचगाव, कळंबा इथं राहणारा माणूस स्वतःला कोल्हापूरचाच म्हणतो, पण ती महापालिकेत नाहीत, ग्रामपंचायती आहेत. हद्दवाढीचं घोंगडं भिजत पडलंय ते सगळ्यांना माहीत आहेच. २०१७ ला ४२ गावांचं प्राधिकरण झालं, बांधकामाची परवानगी तिथनं. घरकुल शहरी योजनेतनं मिळणार की ग्रामीणमधनं, ते अर्जाच्या आधी ग्रामपंचायतीत आणि प्राधिकरणात दोन्हीकडं विचारा, कारण ग्रामीणची मूळ रक्कम वेगळी, एक लाख वीस हजार.

आता कागद. अर्ज अडकतात ते बहुतेक इथंच. आपल्याकडं गुंठा-अर्धा गुंठा नोटरीवर घेतलेली कितीतरी घरं आहेत. शंभराचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, पैसे रोख, आणि माणूस वीस वर्षं समजतो जागा माझी. कायद्यानं शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीची जागा रजिस्टर खरेदीपत्राशिवाय नावावर होत नाही. वटमुखत्यारपत्रावर घेतलेली पण नाही, सुप्रीम कोर्टानं २०११ ला ते स्पष्ट सांगितलंय. घरफाळा माझ्या नावानं येतो, लाइटबिल माझ्या नावाचं, असं लोक सांगतात. घरफाळ्याची पावती म्हणजे तुम्ही तिथं राहता आणि कर भरता एवढंच, मालकी त्यानं ठरत नाही. मालकी बघायची तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड नाहीतर सातबारा, आणि त्याच्यावर नाव कुणाचं. आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसनोंद करून घ्या, सहा चुलत्यांच्या सह्या मिळवायला वर्ष जातं, ते वर्ष योजनेची मुदत संपायच्या आधीचं पाहिजे.

गुंठेवारीतली, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जागेवरची घरं नियमित करायला २००१ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेता आली. पैसे भरावे लागतात, पण एकदा नियमित झालं की बँक दारात उभी करते, नाहीतर त्याच घरावर कर्ज देणारा फक्त महाग फायनान्स उरतो. राजेंद्रनगर, दौलतनगर अशा झोपडपट्ट्यांच्या जागा सरकारी आहेत की महापालिकेच्या की खासगी, यावर पट्टा मिळणार का ते अवलंबून, आणि ते काम एकट्यानं होत नाही, गल्लीनं मिळून वॉर्ड ऑफिसला लेखी विचारलं तर होतं.

स्वस्त प्लॉट दिसला तर किमतीच्या आधी पाण्याचं विचारा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट, आणि २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नकाशात दोन पूररेषा असतात. निळीच्या आत साधारण पंचवीस वर्षांतनं एकदा येणारा पूर धरलेला असतो आणि तिथं बांधकामाला परवानगी नाही, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची, निळी ते लाल यात अटी घालून. परवानगी नाही म्हणजे योजना नाही, बँकेचं कर्ज नाही, म्हणूनच तो प्लॉट स्वस्त असतो. एकदा घर बुडालं की तांदळाच्या पोत्यापासनं टीव्हीपर्यंत सगळं परत घ्यावं लागतं, आणि ते बहुतेक व्याजानंच येतं. महापालिकेच्या नगररचना विभागातनं झोन दाखला काढा, आणि शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची खूण कुठवर आहे ती बघून या. दलाल म्हणेल इथं पाणी येत नाही, भिंत खरं सांगते.

फ्लॅट घेत असाल तर महारेराचा, म्हणजे बिल्डरच्या प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा नंबर बघा. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असले तर नोंदणी लागतेच, आणि बिल्डरला रजिस्टर करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. दर कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर ठरवा. बाईच्या नावावर खरेदी केली तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का कमी, दहा लाखांच्या फ्लॅटला दहा हजार वाचतात.

आणि हप्ता किती झेपणार. आठ लाख, नऊ टक्के, वीस वर्षं, तर हप्ता साधारण ७,२०० आणि एकूण परतफेड सव्वासतरा लाख. तेच पंधरा वर्षांत फेडलं तर हप्ता ८,१०० आणि एकूण १४ लाख ६० हजार. कागद कच्चे म्हणून चौदा टक्क्यांनी घ्यावं लागलं तर वीस वर्षांचा हप्ता ९,९५० होतो, म्हणजे दर महिन्याला पावणेतीन हजार नुसते कागद नीट नाहीत म्हणून. बँक पगाराची स्लिप बघून सांगेल की एवढा हप्ता चालतो. तुम्ही डिसेंबरची कमाई धरू नका, जुलैची धरा.

याला एक चाचणी आहे आणि ती मी प्रत्येकाला सांगेन. समजा आत्ता भाडं चार हजार आणि होणारा हप्ता ७,२००. तर फरकाचे ३,२०० दर महिन्याला आजपासनं आरडीत टाकायला लागा, वर्षभर, जून-जुलै-ऑगस्टसकट. ते तीन महिने कुणाकडं हात न पसरता निघाले तर हप्ता झेपतोय. नाही निघाले तर घर थोडं लहान बघा नाहीतर वर्षभर थांबा. आणि निघाले तर वर्षाचे ३८,४०० हातात असतात, जे तसेही लागणारच आहेत, कारण बँक पूर्ण किंमत कधी देत नाही, दहा टक्के तरी आपले, वर ड्युटी, नोंदणी, वकिलाची सर्च फी.

आवासचा अर्ज ऑनलाइन भरता येतो नाहीतर महापालिकेत विचारा, अर्ज मंजूर करून देतो म्हणून कुणाला पाच-दहा हजार देऊ नका, यादी कुणाच्या खिशात नसते. आणि संचकाराच्या कागदावर सही करायच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला तो कागद दाखवा, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात त्यांचं ऑफिस आहे, हेल्पलाइन १५१००. वर्षाला तीन लाखांच्या आत कमाई असणाऱ्याला तिथला सल्ला फुकट आहे, आणि बायकांना तर कमाईची अटच नाही. प्रॉपर्टी कार्ड, जुनं खरेदीपत्र, घरफाळ्याची पावती आणि विकणाऱ्यानं दिलेला जो काही कागद असेल तो, झेरॉक्स नको, मूळ घेऊन जा, आणि विकणारा मूळ कागद दाखवायलाच टाळाटाळ करत असेल तर पैसे देऊ नका.